रुंद वळसा

१

फुटलेली शिडाची होडी चौघांनी ओढून उतारावर आणली आणि पालथी घातली, तेव्हा कुठे क्लबातली आरडाओरड थांबली. मधली फळी मुळापासून मोडली होती. ही फळी पाण्याखाली राहून होडीला धरून ठेवते. ती गेली की होडीचं काही खरं नाही. तळाला हात जाईल एवढी चीर पडली होती आणि चिरेत शेवाळलेल्या दगडाचा चुरा अडकला होता.

"जुन्या पुलाचा खांब," फौजी म्हणाले. लष्करातून निवृत्त झालेले हे गृहस्थ शर्यत सुरू करून द्यायचं काम करत. "पाण्याखाली बुडालाय तो. दुसरं काही नाही त्या बाजूला."

मग एकेक करून सगळ्या माना तिच्या नवऱ्याकडे वळल्या.

ती लेकीला कडेवर घेऊन मागे उभी होती. छकुली दोन वर्षांची; नदीकाठी ती तिला कडेवरून खाली सोडतच नसे. आताही तिने लेकीच्या लाईफ जॅकेटचा चाप पुन्हा चाचपून पाहिला. पाण्यापासून एवढ्या लांब उभी असताना!

होड्यांनी ज्याला वळसा घालून परतायचं ते नारिंगी प्लॅस्टिकचं पिंप दर रविवारी तिचा नवरा नदीत नांगरून येई. आजही त्यानेच नांगरलं होतं, आणि ते त्या बुडालेल्या खांबाच्या अगदी कुशीत निघालं होतं. थोरल्या दिरांची मुलगी, वय वर्षं सोळा, सगळ्या क्लबाची टिटवी, भर वेगात पिंपाला वळायला गेली आणि खांबावर आदळली. होडी पालथी. पोरगी खाली, पाय दोरात. मांडीचं हाड मोडलं होतं आणि पोटात बरंच पाणी गेलं होतं. आता ती हॉस्पिटलात होती.

"राग माझ्यावर होता ना तुझा?" थोरले दीर पुढे आले. क्लबाचे कॅप्टन. गेल्या निवडणुकीत धाकटा भाऊ त्यांच्याविरुद्ध उभा राहिला आणि पडला, तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. आज पहिल्यांदा बोलले ते हे. "मग माझी कॉलर धरायचीस. पोरीच्या जिवावर कशाला उठलास?"

"दादा, मी पिंप नेहमीच्याच जागी लावलं."

"मग खांब चालत आला का पिंपाकडे?"

कोणीतरी खवचट हसलं. नवऱ्याने मान खाली घातली. मान खाली घालू नका हो, ती मनात ओरडली. लोक त्याचाच अर्थ काढतात.

तेवढ्यात पंपघराच्या मागून कपडे बदलून मामा आले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोरल्या जाऊबाईंचे हे भाऊ. टिटवीचे मामा म्हणून सगळ्यांचेच मामा. होडी चालवायला टिटवीला त्यांनीच शिकवलं होतं. आज शर्यतीत ते सगळ्यांच्या पुढे होते. मागे आवाज ऐकल्याबरोबर हातातली शर्यत सोडून त्यांनी पाण्यात उडी घेतली आणि भाचीला बाहेर काढलं.

"संध्याकाळी कमिटी बसेल," थोरले दीर म्हणाले. "तुझं नाव क्लबातून काढू. आणि तिथून मी सरळ पोलिसांत जाणार. बघ, वेळ आहे तोवर खरं काय ते बोल."

मामा तिच्याजवळ आले. त्यांनी छकुलीच्या पाठीवर थोपटलं. "लेकराला घेऊन घरी जा गं," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "काही झालं तरी बाप आहे तो तिचा."

२

घरी कोण जातंय! गर्दी पांगल्यावर ती नवऱ्यामागोमाग काठावरच्या पांढऱ्या खांबांपाशी गेली.

"मला नीट समजावून सांगा. पिंपाची जागा तुम्हाला कळते कशी?"

तो शाळेत सुतारकाम शिकवायचा. समजावून सांगायला लागला की त्याचा आवाज जरा ठिकाणावर यायचा. "हे दोन खांब. एक काठाजवळ, दुसरा मागे पंपघराच्या बाजूला. पाण्यात मोटरबोटीवरून पाहिलं की दोन्ही एकामागे एक, एका रेषेत दिसायला हवेत. त्या रेषेत पलीकडच्या काठावरच्या टाकीसमोर पोचलो की पिंप सोडायचं. बुडालेला खांब दिसत नाही, म्हणूनच तर हे दोन खांब लावलेत. या रेषेत राहिलं की तो लांब राहतो."

"आज दिसले एका रेषेत?"

"अगदी. फौजींनी कालच चुना मारलाय, लांबून चमकत होते."

"आणि आता?"

दोघांनी मागच्या खांबापाशी उभं राहून पुढच्या खांबावरून नजर रोखली. रेषा नदीवरून पलीकडे गेली. टिटवीची होडी आदळली ती जागा त्या रेषेपासून चांगलीच डावीकडे होती. तिथलं पिंप लोकांनी गडबडीत उपसून काठावर आणून टाकलं होतं.

नवऱ्याने ती जागा पुन्हा एकदा पाहिली. मग हळूच म्हणाला, "चुकलं असेल माझंच. सकाळी दादा धक्क्यावरून टक लावून बघत होता. माझं लक्ष नसेल. अगं, मी पोरीला मारलं असतं."

जगाने काहीही म्हणावं. पण माणूस स्वतःच आपल्या विरुद्ध साक्ष द्यायला लागला तर त्याला सोडवायचं कोणी? आणि एक क्षण, एकच क्षण, तिलाही वाटून गेलं की खरंच यांचं लक्ष नसेल.

तिला बसावंसं वाटलं. मागचा खांब एका जुन्या टायरमध्ये सिमेंट ओतून उभा केला होता. सकाळी याच टायरवर बसून तिने छकुलीला केळं भरवलं होतं. अर्धं पोटात, अर्धं गवतात. ती पुन्हा तिथेच टेकली, लेकीला मांडीवर घेतलं आणि सवयीने उताराकडे पाहिलं.

उतार दिसेना. मध्ये चहाच्या टपरीची भिंत.

"अहो," ती म्हणाली.

"काय?"

"सकाळी मी इथून तुम्हाला बोट पाण्यात ढकलताना पाहिलं. टपरीच्या बाकड्यावरून उतार दिसत नाही म्हणूनच तर उठून टायरवर आले. छकुली जवळ आणि तुम्ही डोळ्यांसमोर, दोन्ही साधलं पाहिजे ना मला."

"मग?"

"मग आता भिंत मध्ये कशी?"

ती उठली. छकुलीला कडेवर सावरत, वाकून गवत बघत चालू लागली. पंधरावीस पावलांवर गवत गोल चेपलेलं होतं. टायरएवढाच गोल. त्याच्या कडेला केळ्याचा लगदा, आणि लगद्याला मुंग्या.

"दादांना सांगा," ती म्हणाली, "बुडालेला खांब नाही चालला. हा मागचा चालला. आणि शर्यत संपल्यावर चालत परत आला."

३

"मुंग्या?" फौजी दुर्बिणीची काच पुसत होते. त्यांनी वर पाहिलंही नाही. "कमिटीपुढे मुंग्या उभ्या करणार तुम्ही?"

"मला फक्त विचारायचंय, काल संध्याकाळी चुना मारलात तेव्हा मागचा खांब कुठे होता?"

"असतो तिथेच! मी काय आंधळा आहे? हे बघा, तुमचा जीव टांगणीला लागलाय, समजतं मला. पण कोणाच्या तरी गळ्यात घोंगडं टाकायला निघाला असाल तर माझ्या दारी येऊ नका. आणि खांबाला हात लावून आला नाहीत ना? चुना कच्चा आहे, सुटतो."

"तुम्ही दुर्बिणीतून पाहिलंत ना सगळं?"

एवढ्यावर मात्र त्यांची कळी खुलली. "पाहिलं तर! मामा पुढे. शेपटीला टिटवी. मागे दातवाली. मामा वळले, टिटवी आतून घुसली, आणि खाड! होडी अशी पालथी. मामाने मागे वळून पाहिलं आणि घेतली उडी. उभी. बेधडक! कमरेइतक्या पाण्यात उभा राहून एका हाताने होडी उचलली आणि दुसऱ्या हाताने पोरीला ओढलं. नाहीतर प्रवाहाने गेलीच होती बंधाऱ्याकडे. मर्द माणूस. आणि तुमचे हे, मोटरबोटीत बसून नुसते पुतळ्यासारखे."

शेवटचं वाक्य तिला इतकं झोंबलं की आधीचं नीट डोक्यात शिरलंच नाही.

दातवाली म्हणजे दातांची डॉक्टर. मामा आणि टिटवी दोघंही शर्यतीतून गेले, म्हणून ती पहिली आली होती. बाहेरगावच्या मोठ्या शर्यतीला क्लबातून एकच होडी जाते. आता तिची जाणार होती. शिडाची घडी घालत असताना पुढ्यात ही धाकटी सून पाहून तिने ओठ मुरडले.

"आलात? वाटच बघत होते. जिंकली ती बाई गुन्हेगार, असंच ना?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"डोळ्यांनी म्हणताय की. गाडी पंपघराशी लावते मी, सकाळी लवकर येते, सगळं जुळतंय. लिहून घ्या!" तिने शिडाची घडी आपटली. "अहो, मीच आदळले असते त्या खांबावर. मामाने एवढा रुंद वळसा घातला की मधून ट्रक गेला असता. कोणीही शिरलं असतं. टिटवी पुढे होती म्हणून ती शिरली, एवढंच."

"मामा नेहमीच रुंद वळतात?"

दातवाली खो खो हसली. "मामा? पिंपाला शर्ट घासून वळणारा माणूस तो! सुई जाईल एवढी जागा मिळत नाही आम्हाला. आज काय, वारा चुकला असेल. वय झालं आता."

हसता हसता ती थांबली. आपण काय बोललो ते तिला स्वतःलाच ऐकू आलं असावं. मग पुन्हा कपाळाला आठी घालून म्हणाली, "निघा आता. मला वेळ नाही."

वाटेत तिला फौजींचं वाक्य आठवलं आणि तिचे पाय जागीच थांबले. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून. नदीच्या मध्यावर, जिथे हत्ती बुडेल म्हणतात तिथे, माणूस उभा कशावर राहिला?

४

हॉस्पिटलात खोलीच्या दारातच थोरल्या जाऊबाई उभ्या होत्या. डोळे रडून सुजलेले.

"एक पाऊल पुढे टाकू नकोस."

"ताई, दोन मिनिटं. तिला बघून जाते."

"नवऱ्याने केलं ते बघायला आलीस? झालं का समाधान? निवडणूक हरला म्हणून माझ्या लेकीच्या मुळावर आला मेला! माझा भाऊ नसता तर आज..."

"काकू आली?" आतून आवाज आला. चिरका, पण टिटवीचाच. "आई, येऊ दे ना तिला. छकुलीला पण आण."

जाऊबाई बाजूला झाल्या. अंग चोरून, पदराचाही स्पर्श होऊ नये अशा. मुलीच्या उशाशी आजी बसली होती. टिटवीचा पाय वर बांधलेला, ओठ कोरडे. छकुलीला पाहून ती हसली.

"काकाला ओरडू नका गं कोणी. तो मुद्दाम नाही करणार."

"गप्प पड," जाऊबाई दारातून म्हणाल्या.

तिने टिटवीच्या केसांवरून हात फिरवला. "तू आतून का गेलीस गं?"

"फट होती म्हणून! मामाच शिकवतो ना, फट दिसली की शिरायचं, विचार करत बसायचं नाही. आणि काकू, गंमत सांगू? मामा कध्धी फट सोडत नाही. कध्धीच. आज सोडली. वळताना त्याने मागे बघितलं पण, माझ्याकडे. मला वाटलं माझ्यासाठी सोडली. म्हणजे, जा तू या वर्षी, असं." तिचे डोळे भरून आले. "आणि मी मूर्खासारखी आपटले. त्याला किती वाईट वाटलं असेल."

तिने टिटवीचे डोळे पुसले. छकुलीने तेवढ्यात आजीच्या हातातला रसाचा पेला स्वतःच्या अंगावर ओतून घेतला, तेही बरंच झालं. लेकीला उचलून ती बेसिनपाशी गेली, लाईफ जॅकेट काढलं. घाईत ते अजून अंगावरच होतं. फ्रॉक धुवायच्या आधी तिने जॅकेट उलटं करून ठेवलं.

निळ्या जॅकेटच्या पाठीवर पांढरा पंजा उमटला होता.

कुठे चुन्यात लोळलीस गं, असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. छकुली कुठे लोळणार? ती तर दिवसभर कडेवर होती. आणि पंजा मोठ्या माणसाचा होता. पाची बोटं स्पष्ट, थोपटताना उमटावीत तशी.

५

कमिटी क्लबाच्या मोठ्या खोलीत बसली होती. भिंतीला टेकवलेली सुकाणं, खुंटीवर ओली जॅकेटं, आणि लोक दारापर्यंत दाटलेले. तिला कोणी खुर्ची दिली नाही. नवरा आरोपीसारखा एका कडेला. मामा कॅप्टनच्या शेजारी, मानाच्या जागी. जाऊबाई मागच्या बाकावर. खास ही शिक्षा ऐकायला आलेल्या.

"बायकोला काय बोलायचंय म्हणे," थोरले दीर म्हणाले. "बोल. थोडक्यात."

तिने सांगितलं. भिंत, चेपलेलं गवत, केळं. हशा पिकला.

"घटकाभर धरून चाला की खांब हलवला होता," ती आवाज चढवून म्हणाली. लेक मानेला घट्ट बिलगली होती. "मग ज्याने हलवला त्याला पिंप कुठे पडणार ते माहीत होतं. तो तिथे जवळून वळणार नाही, त्याची स्वतःची फळी मोडेल. तो रुंद वळेल. आज कोण रुंद वळलं?"

कोणी हसलं नाही. दातवालीने खिडकीबाहेर पाहिलं. "मामा," ती म्हणाली. "ट्रक गेला असता मधून."

"वारा पडला ऐनवेळी," मामा शांतपणे म्हणाले. "शिडाच्या होडीत कधी बसली आहेस का गं तू?"

"नाही. पण फौजींकडे दुर्बीण आहे. फौजी, मामा पाण्यात कसे होते?"

फौजी खुर्चीत हलले. "उभे होते. कमरेपर्यंत."

"कशावर?"

"दगडावरच असणार. पाय टेकला माझा, नशीब म्हणायचं," मामा म्हणाले. "मी पोरीला वाचवलं, तर तेही गुन्हा का?"

"बरोबर!" दोघंतिघं ओरडले. "लाज वाटली पाहिजे!"

तिने पिशवीतून छोटं निळं जॅकेट काढून टेबलावर ठेवलं. "फौजींचा चुना. माझ्या लेकीच्या पाठीवर आज बाहेरच्या एकाच माणसाने हात ठेवला."

थोरल्या दिरांनी जॅकेट हातात घेतलं. पंजाकडे पाहिलं, मग नकळत शेजारी टेबलावर विसावलेल्या हाताकडे. मामांनी हात मागे घेतला.

"कपडे बदलताना टेकलो असेन खांबाला," ते म्हणाले, पण आता आवाजाला धार आली. "दाजी, काय चाललंय हे? ही पोरगी नवऱ्याला वाचवायला काहीही बरळतेय आणि तुम्ही ऐकून घेताय? मला काय स्वप्न पडलं होतं, तो बुडालेला खांब नेमका कुठे आहे म्हणून? या खोलीतल्या एकाला तरी माहीत आहे का?"

एकालाही नव्हतं. लोक एकमेकांकडे पाहू लागले. तिच्या हातातले पत्ते संपले होते. प्रत्येक गोष्टीला मामांकडे उत्तर होतं. वारा, नशीब, कपडे. थोरल्या दिरांनी जॅकेट खाली ठेवलं. आता ते भावाचं नाव घेणार, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"तुला माहीत होतं," मागून आवाज आला.

जाऊबाई उभ्या राहिल्या होत्या.

"ताई, तू मध्ये पडू नकोस," मामा म्हणाले.

"लहानपणी पोहत जाऊन तू त्यावर उभा राहायचास. मला काठावरून वाटायचं, पाण्यावर उभा आहेस. मी घाबरून रडायचे आणि तू तिथून हाका मारायचास, ये, ये म्हणून." त्या एकेक शब्द उचलून ठेवावा तशा बोलत होत्या. "आईला सांगितलं तर मारीन, असं म्हणाला होतास. मी अजूनपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. आज दिवसभर मी हिला शिव्या घातल्या. पण टिटवी म्हणाली तू वळताना मागे बघितलंस, तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. कशाला बघितलंस रे मागे?"

मामांनी तोंड उघडलं.

"फळी मोडली असती, बस," अखेर ते पुटपुटले. "एवढंच व्हायचं होतं. पोरगी पाण्यात पडेल, भिजेल, रडेल. दोरात पाय अडकेल हे मला... इतकी वर्षं बाहेरच्या शर्यतीला मी जातोय, ताई. मी! आणि कालची पोरगी, मीच शिकवलेली, चार रविवार मला मागे टाकते आणि हे सगळे टाळ्या वाजवतात. अजून एक वर्ष थांबली असती तर काय बिघडलं असतं?"

"आणि यांचं काय?" तिने नवऱ्याकडे बोट केलं. "हे तुरुंगात गेले असते तर काय बिघडलं असतं?"

मामांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत पश्चात्तापाचा लवलेश नव्हता. नुसता संताप होता, डास चावल्यावर येतो तसा. ते उठले. दारात लोक दाटले होते, सकाळी ज्यांनी टाळ्या वाजवल्या तेच. त्यांनी दोन्हीकडे सरकून मामांना वाट करून दिली. चांगली रुंद. अंगाला अंग लागू नये एवढी.

थोरले दीर त्यांच्यामागोमाग बाहेर पडले. पोलिसांकडे जायचं म्हणाले होते, जाणारच होते. नवऱ्याजवळून जाताना थांबले. माफीबिफी त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

"तो टायर जमिनीत पुरून टाक," ते म्हणाले.

"उद्या पुरतो," नवरा म्हणाला.

खोली रिकामी झाली. जाऊबाई अजून उभ्याच होत्या, टेबलावरचं छोटं जॅकेट हातात धरून. पंजावर बोट फिरवत होत्या आणि चुना त्यांच्या बोटाला लागत होता.

"ताई, बसा."

"तिकडे ती नर्सला सांगतेय, आजीला सांगतेय, येईल त्याला सांगतेय," जाऊबाई म्हणाल्या. "मामाने माझ्यासाठी जागा सोडली म्हणून." त्यांनी वर पाहिलं. "आता हॉस्पिटलात जाऊन मी तिला काय सांगू गं?"

छकुली कडेवर झोपून गेली होती. तिने लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि मोकळा झालेला हात जाऊबाईंच्या पाठीवर ठेवला.